दुधाच्या पेल्यातील कोको : घरगुती मिश्रण, त्याची कृती आणि स्वादभेद

मुलांना नुसते दूध आवडत नाही, ही बहुतेक घरांतील तक्रार आहे. त्यावर उपाय म्हणून दुधात एखादी तपकिरी रंगाची, गोड आणि सुवासिक भुकटी मिसळून देण्याची प्रथा आता शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या बाजारपेठेतील किराणा दुकानातही अशा भुकट्यांची पाकिटे टांगलेली दिसतात. या भुकटीने दूध पोटात जाते हे खरे. परंतु दुधाबरोबर आणखी काय जाते, याचा विचार क्वचितच केला जातो.

हा विचार राष्ट्रीय पातळीवर एप्रिल २०२४ मध्ये झाला. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी सूचना दिली की, दुधात घालावयाच्या भुकट्या आणि तत्सम पेये ‘आरोग्यपेय’ या सदराखाली दाखविली जाऊ नयेत. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील नियम यांत ‘आरोग्यपेय’ अशा नावाचा कोणताही प्रकार व्याख्या करून दिलेला नाही, हे त्यामागील कारण होते. याचा अर्थ ही पेये विषारी आहेत असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की, त्यांच्याकडे औषध किंवा टॉनिक म्हणून न पाहता एक गोड पेय म्हणून पाहावे आणि गोड पदार्थाला लावावयाची मोजपट्टी त्यांनाही लावावी.

ज्या गृहिणीला ही मोजपट्टी आपल्या हाती ठेवावयाची आहे, तिच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे कोकोचे मिश्रण घरीच तयार करणे. त्याला खास यंत्रसामग्री लागत नाही. मिक्सर, मैद्याची चाळणी, वजनकाटा आणि घट्ट झाकणाची कोरडी बरणी एवढी साधने पुरेशी आहेत. मात्र प्रमाण आणि कृती यांमागील कारणे समजून घेतली, तर मिश्रण बिघडत नाही आणि त्यात आपल्या आवडीचे फेरफारही निर्धास्तपणे करता येतात.

कोको म्हणजे काय?

कोकोचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उष्ण व दमट अरण्यातील. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली त्यास ‘थिओब्रोमा’ असे नाव दिले. ‘देवांचे अन्न’ असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. एक्वादोर देशात उत्खननात सापडलेल्या भांड्यांच्या तपासणीवरून सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीही तेथील लोक कोकोचा वापर करीत होते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. पुढे मध्य अमेरिकेतील माया आणि मेक्सिकोतील ॲझ्टेक लोकांत कोकोला मोठा मान मिळाला. ॲझ्टेक राज्यात कोकोच्या बिया नाण्यांसारख्या व्यवहारात चालत. त्यांचे पेय मात्र आजच्यासारखे गोड नव्हते. भाजलेल्या बिया पाट्यावर वाटून त्यात पाणी, मिरची आणि सुगंधी फुले घालीत आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेस आणीत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हे पेय युरोपात नेले आणि तेथे त्यात साखर व दालचिनी मिसळली गेली. दुधाची जोड त्यानंतर मिळाली.

कोकोची फळे फांद्यांच्या टोकांना न लागता थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात. एका फळात साधारणतः ३० ते ४० बिया असून त्या पांढऱ्या, आंबटगोड गरात लपेटलेल्या असतात. ताज्या बीला चॉकलेटचा कोणताही वास नसतो. बिया गरासह ढीग करून किंवा पेटीत भरून पाच ते सात दिवस आंबवाव्या लागतात. या काळात बीच्या आत होणाऱ्या रासायनिक बदलांमुळे पुढे सुगंध निर्माण होण्याची तयारी होते. त्यानंतर बिया उन्हात वाळवून त्यांतील ओलावा सुमारे सात टक्क्यांपर्यंत खाली आणतात, मग त्या भाजतात, टरफले काढतात आणि आतील मगज दळतात. या मगजात निम्म्याहून थोडा अधिक अंश स्निग्ध पदार्थाचा असतो. त्यामुळे दळल्यावर पीठ न होता दाट, वाहता लगदा तयार होतो.

या लगद्यातील बरेचसे लोणी दाबयंत्राने वेगळे काढण्याची पद्धत नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन कुटुंबाच्या कारखान्यात १८२८ साली प्रचारात आली. लोणी निघाल्यावर उरलेली पेंड दळली की जी भुकटी मिळते, तीच कोको पावडर. बाजारातील सामान्य कोको पावडरीत १० ते १२ टक्के स्निग्धांश असतो, तर उंची प्रकारात तो २० ते २२ टक्के असतो. हे दाबण्याचे काम घरगुती साधनांनी होत नाही. म्हणून ‘घरी मिश्रण करणे’ याचा अर्थ बिनसाखरेची कोको पावडर विकत आणून पुढील सर्व काम घरी करणे असा घ्यावा.

आपल्या देशातील कोको

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १७९८ साली आजच्या तमिळनाडूतील कुर्ताळम येथे कोकोची लागवड केल्याची नोंद आहे. तथापि, व्यापारी प्रमाणावरील लागवडीस वेग आला तो १९६० नंतर, प्रथम केरळात आणि मग कर्नाटकात. आज आंध्र प्रदेश हे देशातील आघाडीचे कोको-उत्पादक राज्य आहे. कोकोला सावली मानवते. त्यामुळे नारळ आणि सुपारीच्या बागांतील आंतरपीक म्हणून हे झाड उपयोगी ठरले. मंगळूर येथे १९७३ साली स्थापन झालेली ‘कॅम्पको’ ही सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था पुढे कोकोच्या खरेदीतही उतरली आणि १९८६ साली तिने दक्षिण कन्नड जिल्ह्यातील पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना सुरू केला. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने प्रक्रिया-उद्योगात टाकलेले हे पाऊल सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकांना विशेष जवळचे वाटेल.

जगाच्या बाजारपेठेत मात्र निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन पश्चिम आफ्रिकी देशांतूनच येतो. तेथील पीक प्रतिकूल हवामान आणि झाडांवरील रोग यांमुळे घटले, तेव्हा २०२४ साली कोकोचा आंतरराष्ट्रीय भाव एका टनास १०,००० डॉलरच्या वर गेला. अशा भाववाढीच्या काळात तयार मिश्रणांतील कोको कमी करून साखर, स्टार्च आणि कृत्रिम स्वाद वाढविण्याचा मोह उत्पादकाला होऊ शकतो. घरी मिश्रण करणाऱ्या व्यक्तीला निदान आपण कशासाठी किती पैसे मोजले, हे निश्चित ठाऊक असते.

पाकिटावरील मजकूर कसा वाचावा?

घरचे मिश्रण करण्यापूर्वी बाजारातील एखादे पाकीट हाती घेऊन वाचावे. नियमानुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. यादीत पहिले नाव साखरेचे असेल, तर त्या मिश्रणात अन्य कोणत्याही घटकापेक्षा साखर अधिक आहे, असे समजावे. माल्टोडेक्स्ट्रिन, द्रव ग्लुकोज ही नावेही गोडी किंवा पिष्ट वाढविणाऱ्या पदार्थांचीच आहेत. त्यानंतर पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘१०० ग्रॅममध्ये साखर किती’ हे पाहावे आणि आपण पेल्यात प्रत्यक्ष किती ग्रॅम भुकटी घालतो, त्यावरून हिशेब करावा.

एक उदाहरण पाहू. समजा, एखाद्या मिश्रणात निम्मी साखर आहे आणि पेल्यात २० ग्रॅम मिश्रण घातले. म्हणजे १० ग्रॅम साखर गेली. त्यावर सवयीने आणखी दोन लहान चमचे साखर घातली, तर सुमारे १० ग्रॅमची भर पडली. एका पेल्यात २० ग्रॅम साखर झाली आणि असे पेले दिवसातून दोन झाले, तर ४० ग्रॅम.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या व तत्सम मुक्त साखरेपासून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत. ५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास अधिक चांगले. ज्या बालकाचा दिवसाचा आहार १,४०० उष्मांकांच्या आसपास आहे, त्याच्या बाबतीत १० टक्के म्हणजे ३५ ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे साडेसतरा ग्रॅम साखर होते. वरील उदाहरणातील दोन पेल्यांनी पहिली मर्यादाही ओलांडली. आणि बिस्किटे, गोळ्या, शिरा, चहा यांचा हिशेब तर अद्याप बाकीच आहे. दुधात मूळचीच असलेली दुग्धशर्करा मात्र या मर्यादेत मोजली जात नाही.

मूळ मिश्रण : दोन प्रकार

घरगुती मिश्रण दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार दुधात उकळून घेण्याचा आणि दुसरा केवळ गरम पाण्यात कालवून घेण्याचा. दोन्हींचे घटक सारखे नाहीत, याला कारण आहे आणि ते पुढे दिले आहे.

पहिला प्रकार – दुधासाठी : बिनसाखरेची कोको पावडर १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम आणि चिमूटभर बारीक मीठ. सर्व मिळून सुमारे २२० ग्रॅम मिश्रण होते. एका पेल्यास, म्हणजे २०० मिलिलिटर दुधास, १५ ग्रॅम मिश्रण (सपाट भरलेले दोन मोठे चमचे) पुरते. या हिशेबाने चौदा ते पंधरा पेले होतात आणि प्रत्येक पेल्यात सुमारे सात ग्रॅम साखर जाते. मुलांना सवय झाल्यावर साखर हळूहळू ८० ग्रॅमपर्यंत खाली आणता येते. चिमूटभर मिठामुळे कोकोचा कडवटपणा कमी जाणवतो आणि साखर कमी असूनही पेय बेचव लागत नाही.

दुसरा प्रकार – पाण्यासाठी : बिनसाखरेची दुधाची भुकटी २५० ग्रॅम, कोको पावडर ७५ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. हे ४०० ग्रॅम मिश्रण बारा पेल्यांस पुरते. एका पेल्यास सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे घ्यावेत. चहाकॉफीसाठी मिळणाऱ्या काही दूध-भुकट्यांत साखर आधीच मिसळलेली असते. ती वापरावयाची असल्यास वरील साखर त्या मानाने कमी करावी. प्रवासात, वसतिगृहात किंवा जेथे ताजे दूध रोज मिळत नाही अशा ठिकाणी हा प्रकार सोयीचा आहे.

दुसऱ्या प्रकारात कॉर्नफ्लोअर जाणीवपूर्वक वगळले आहे. कॉर्नफ्लोअर उकळल्याशिवाय शिजत नाही. नुसत्या गरम पाण्यात ते कच्चे राहते आणि पेयाला पिठूळ चव येते. पहिल्या प्रकारात पेय विस्तवावर उकळावयाचे असल्याने तेथे ते उपयोगी पडते. त्यामुळे दुधाला किंचित दाटपणा येतो आणि कोकोचे कण तळाशी चटकन बसत नाहीत.

करण्याची रीत

सर्व भांडी, चमचे आणि मिक्सरचे भांडे धुऊन पूर्ण कोरडे करावे. हात ओले असू नयेत. प्रथम साखर बारीक दळावी. दळताना ती कोमट होते, म्हणून थंड होऊ द्यावी. कोमट साखर लगेच बरणीत बंद केली तर गाठी होतात. नंतर कोको पावडर चाळून घ्यावी. साखर, कोको, कॉर्नफ्लोअर (किंवा दुधाची भुकटी) आणि मीठ परातीत एकत्र करून हे मिश्रण चाळणीतून तीन वेळा चाळावे. तिसऱ्या चाळणीनंतर रंग सर्वत्र एकसारखा दिसला पाहिजे. पांढरे पट्टे दिसत असल्यास आणखी एकदा चाळावे.

चाळण्याचा एवढा आग्रह का? कोको पावडर पाण्यात किंवा दुधात साखरेसारखी विरघळत नाही. तिचे अतिसूक्ष्म कण द्रवात केवळ तरंगत राहतात. शिवाय त्यांवर स्निग्धांशाचा पातळ लेप असल्याने ते सहज भिजत नाहीत; कोरडी भुकटी दुधावर टाकली की तिचे गोळे होतात आणि आत कोरडेपणा राहतो. दळलेल्या साखरेचे कण कोकोच्या कणांमध्ये जाऊन बसले, तर ते त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. साखर विरघळताच दूध आतपर्यंत पोहोचते आणि कोको चांगला भिजतो. कारखान्यात हेच काम लेसिथिनसारख्या पदार्थांनी साधतात.

पेय करताना पातेल्यात दोन मोठे चमचे मिश्रण घेऊन त्यात प्रथम तीन-चार चमचे थंड दूध घालावे आणि गुठळ्या मोडून एकजीव लगदा करावा. नंतर उरलेले गरम दूध थोडे थोडे घालीत ढवळावे आणि मंद आचेवर दोन मिनिटे उकळी येऊ द्यावी. शेवटी ताकाची रवी घेऊन दोन्ही तळहातांमध्ये फिरवावी. फेस येतो आणि पेय हलके लागते. मेक्सिकोत कोकोचे पेय घुसळण्यासाठी ‘मोलिनिओ’ नावाची लाकडी रवी वापरतात आणि तीही अशीच तळहातांमध्ये फिरवितात. आपल्या घरातील रवी या कामासाठी परकी नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या प्रकारच्या मिश्रणावर मात्र सळसळते उकळते पाणी एकदम ओतू नये; दुधाच्या भुकटीच्या गुठळ्या होतात. आधी कोमट पाण्यात लगदा करून घ्यावा आणि उकळी बसल्यानंतर मिनिटभर थांबून पाणी घालावे.

स्वादभेद

मूळ मिश्रण एकदम जास्त करून ठेवावे आणि स्वादाचे पदार्थ मात्र थोड्या थोड्या मिश्रणात मिसळावेत. मसाल्यांचा सुगंध उडून जाणारा असतो. तीन महिन्यांचे मिश्रण एकाच वेळी सुवासिक करून ठेवले तर शेवटी केवळ रंग उरतो. पुढील प्रमाणे पहिल्या प्रकारच्या २२० ग्रॅम मिश्रणासाठी आहेत. चमचा म्हणजे चहाचा लहान, सपाट भरलेला चमचा समजावा.

वेलदोडा : सोललेल्या दाण्यांची ताजी पूड एक चमचा. मराठी जिभेला हा स्वाद सर्वांत परिचित असल्याने सुरुवात येथूनच करावी.

सुंठ आणि मिरी : सुंठपूड एक चमचा, मिरपूड पाव चमचा. पावसाळ्यात आणि थंडीत हे पेय आवडीने घेतले जाते. सुंठेऐवजी कच्च्या आल्याचा रस घालू नये. ओल्या आल्यात प्रथिने विघटित करणारा घटक असतो आणि त्यामुळे दूध गोठते किंवा फाटते.

दालचिनी : पूड एक चमचा. कोको आणि दालचिनी ही जोडी स्पेन-मेक्सिकोत शतकानुशतके रूढ आहे. बाजारात जाड सालीची ‘कॅशिया’ आणि पातळ, पापुद्र्यांची खरी दालचिनी असे दोन प्रकार असतात. जाड सालीत कुमारीन नावाचा घटक बराच असतो आणि तो रोज मोठ्या प्रमाणात घेणे यकृताला हितकर नसते. म्हणून पातळ सालीची दालचिनी घ्यावी.

जायफळ : किसून पाव चमचाच. जायफळ हा औषधी गुणाचा तीव्र पदार्थ आहे. अधिक प्रमाणात घेतल्यास मळमळ, भोवळ आणि भ्रम अशी लक्षणे होतात. लहान मुलांच्या मिश्रणात ते चिमटीहून अधिक नसावे. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी यांसारखी पिके घेण्याची ‘लाखी बाग’ ही कल्पना शेतकऱ्यांपुढे ठेवली. कोकणातील अशा बागायतदारांच्या घरी या स्वादभेदांचे बरेचसे साहित्य परसातच उपलब्ध असते.

संत्र्याची साल : विदर्भातील घरांत हिवाळ्यात सालींचा ढीग जमतो. फळे कोमट पाण्याने चोळून धुवावीत, सालीचा केवळ केशरी पातळ थर किसून घ्यावा आणि सावलीत कडकडीत वाळवून पूड करावी. आतील पांढरा थर कडू असतो, तो येऊ देऊ नये. पूड दोन चमचे मिसळावी. संत्र्याचा रस घालण्याचा प्रयत्न करू नये. आंबटपणाने दूध फाटते.

कॉफी : विरघळणारी कॉफी चार चमचे. हा प्रकार केवळ प्रौढांसाठी. महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे कॉफी पिकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

नाचणीचे सत्त्व : कॉर्नफ्लोअर पूर्ण वगळून त्याऐवजी ४० ग्रॅम नाचणी सत्त्व घालावे. नाचणी आठ-दहा तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, मग ती सावलीत वाळवून, मंद आचेवर किंचित भाजून दळावी आणि तलम चाळणीने चाळावी. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. हे पेय चार-पाच मिनिटे नीट उकळावे, म्हणजे कच्चेपणा राहत नाही.

गूळ : साखर वगळून केवळ कोको, कॉर्नफ्लोअर आणि मीठ यांचे मिश्रण ठेवावे. पेय उकळून विस्तवावरून उतरवावे, दोन मिनिटांनी त्यात गुळाची पूड मिसळावी. गूळ दुधाबरोबर उकळला तर दूध फाटण्याचा संभव असतो. गुळाची पूड हवेतील ओलावा फार लवकर ओढते, म्हणून ती मिश्रणात घालून ठेवू नये. गूळ हीदेखील शर्कराच आहे. गुळाचे पेय म्हणजे बिनसाखरेचे पेय, असा समज करून घेऊ नये.

बदाम : भाजून थंड केलेल्या बदामांची जाडसर पूड ३० ग्रॅम. बदामातील तेलामुळे मिश्रण लवकर खवट होते. आठ-दहा दिवसांचेच करावे.

साठवण

या मिश्रणाचा शत्रू म्हणजे ओलावा. कोरड्या स्थितीत त्यात जिवाणू वाढत नाहीत. पण ओला चमचा एकदाच आत गेला तरी त्या जागी गाठ होते आणि तेथून बुरशी सुरू होऊ शकते. काचेची बरणी उन्हात तापवून, थंड करून मिश्रण भरावे. बरणीत कोरडा चमचा कायमचा ठेवावा. बरणी चुलीजवळ ठेवू नये, कारण पातेल्यातील वाफ उघड्या झाकणातून आत शिरते. बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवावी. पहिल्या प्रकारचे साधे मिश्रण तीन महिने, दुधाच्या भुकटीचे मिश्रण सहा आठवडे आणि नाचणीचे मिश्रण एक महिना या मुदतीत संपवावे. कोकणच्या पावसाळ्यात याहून निम्मी मुदत धरणे शहाणपणाचे. मिश्रणाला खवट वास आला, जाळी किंवा किडे दिसले, तर वरचा भाग काढून उरलेले वापरण्याची काटकसर करू नये. सर्व मिश्रण टाकून द्यावे.

कोणी, किती आणि केव्हा घ्यावे?

एक वर्षाच्या आतील बालकाला गाई-म्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये. त्याला आईचे दूध आणि सहा महिन्यांनंतर योग्य पूरक आहार हवा. दोन वर्षांपर्यंत कोको आणि वरून घातलेली साखर दोन्ही टाळावीत. त्यापुढील वयाच्या मुलांना दिवसातून एक पेला पुरे. कोकोत थिओब्रोमिन आणि अल्प प्रमाणात कॅफीन असते. म्हणून ते झोपण्याच्या तोंडावर न देता सकाळी किंवा शाळेतून आल्यावर द्यावे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कोकोतील टॅनिनवर्गीय घटक आणि दुधातील कॅल्शियम यांच्यामुळे अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. ही स्थिती पाहता कोकोचे पेय जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर देऊ नये. दोहोंमध्ये तास-दोन तासांचे अंतर असावे. पेल्याने पोट भरले म्हणून मूल भाजी-भाकरी टाळीत असेल, तर पेला कमी करावा, भाकरी नव्हे. मधुमेह्यांनी आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच हे पेय घ्यावे. घरी कुत्रा असल्यास त्याच्यापासून बरणी दूर ठेवावी. थिओब्रोमिन कुत्र्यांना विषासमान असते.

बचत गटांसाठी

घरच्यासाठी केलेले मिश्रण शेजारी-पाजारी आवडले की विक्रीचा विचार येणे स्वाभाविक आहे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ या नावाने ओळखले जाणारे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्याशी जोडलेल्या अनेक गटांना मसाले, लोणची, नाचणी सत्त्व अशा कोरड्या पदार्थांचा अनुभव आहेच. हे मिश्रणही त्याच जातीचे आहे. मात्र विक्री सुरू करण्यापूर्वी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घेणे आवश्यक आहे. वेष्टनावर पदार्थाचे नाव, घटकांची उतरत्या क्रमाने यादी, पोषणमूल्ये, निव्वळ वजन, उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख, नोंदणी क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि ‘यात दुग्धजन्य पदार्थ आहे’ अशी सूचना (जेथे लागू असेल तेथे) छापावी लागते.

भाव ठरविताना केवळ कोको आणि साखर यांचा खर्च धरून चालत नाही. चाळताना होणारी घट, वीज, वेष्टन, वाहतूक, दुकानदाराची सूट आणि गटातील भगिनींच्या श्रमाचा मोबदला हे सर्व मिळवून, तयार झालेल्या वजनाने भागले म्हणजे खरा खर्च कळतो. श्रमाचा मोबदला हिशेबात न धरल्यामुळे ‘धंदा चालतो, पण हाती काही उरत नाही’ अशी स्थिती होते. सुरुवातीस दोनच स्वाद निवडून, त्यांची चव आणि रंग प्रत्येक खेपेस सारखे राहतील याची काळजी घ्यावी. त्यासाठी वाटी-चमच्याऐवजी वजनकाटा वापरावा आणि प्रत्येक खेपेची नोंदवही ठेवावी.

वेष्टनावर ‘उंची वाढते’, ‘बुद्धी तल्लख होते’, ‘आरोग्यपेय’ असे शब्द छापण्याचा मोह मात्र टाळावा. असे दावे कायद्याच्या कचाट्यात सापडतात, ही गोष्ट वेगळीच. पण ज्या आईने विश्वासाने पाकीट विकत घेतले, तिची ती फसवणूक ठरते. त्याऐवजी ‘एका पेल्यात सुमारे सात ग्रॅम साखर’ असे ठळक अक्षरांत लिहिता येईल. आपल्या मुलाच्या पेल्यात नेमके काय आहे, हे त्या एका ओळीवरून तिला कळेल आणि पुढचा निर्णय तिला स्वतः घेता येईल.